काट्याच्या गाडीला आकड्यांचा स्पीडोमीटर : बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरातलंच आहे म्हणून नावं देत नाही. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, वय ६८, युनिव्हर्सिटीतून रिटायर, कारेलीबागेत राहतात. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, मीटर साधं काट्याचं, ० ते १८० ची गोल तबकडी आणि खाली किलोमीटरची एवढीशी एलसीडी पट्टी. एअरबॅग नाही, ८० च्या वर गेलं की वाजणारा बीपर नाही, तो जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना कंपल्सरी झाला, ही त्याच्या आधीची.

मुलगी अहमदाबादला मणिनगरला दिलेली, त्यामुळे दर दुसऱ्या शनिवारी हे दोघं सकाळी सेवउसळ खाऊन दुमाडला एक्सप्रेसवेवर चढतात, ९३ किलोमीटर सरळसोट रस्ता, आणि अहमदाबादच्या सीटीएम चौकात उतरतात. काकांना या रस्त्याचा अभिमान इतका की जणू यांनीच बांधलाय.

मागच्या थंडीत काकांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. लेन्स बसवली ती साधी, एकाच अंतराची, लांबचं स्वच्छ दिसणारी. लांबच्या पाट्या आता माझ्याआधी वाचतात. पेपर वाचायला मात्र खिशात चष्मा.

मी मकरपुऱ्याला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, म्हणजे दिवसभर मीटर, सेन्सर आणि कॅलिब्रेशन, त्यामुळे घरात कुणाच्याही गाडीचं काहीही झालं की फोन मलाच.

अडचण

तीन महिन्यांत दोन ई-चलन आली. दोन्ही एक्सप्रेसवेवरची, १०० ची लिमिट, एकात ११० आणि दुसऱ्यात ११२. काकांचं म्हणणं, "अरे मी नव्वदच्या वर जातच नाही, कॅमेरा चुकीचा आहे." मावशी म्हणाली, कॅमेरा एकदा चुकेल, दोनदा कसा चुकेल.

मी विचारलं, काका, काटा नीट दिसतो का तुम्हाला? तर म्हणाले, दिसतो, पण जरा धुरकट, आकडे एकमेकांत मिसळल्यासारखे. झालं, मी तिथंच निदान करून टाकलं. एका अंतराची लेन्स, समोरचा रस्ता क्लिअर, हातातला पेपर चष्म्याने क्लिअर, आणि डॅशबोर्ड बरोबर या दोघांच्या मधे, जिथं काहीच फोकस होत नाही. म्हणजे आकडा मोठा पाहिजे आणि काट्याऐवजी डिजिटल पाहिजे.

हे निदान चूक नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला चार महिन्यांनी कळलं, ते पुढे येईल.

कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात आधी मोबाइल. नॅव्हिगेशन चालू असताना मॅपमध्ये स्पीड दिसतोच, फुकट काम. पण काकांचा फोन वाजला की आकडा गेला, आणि बडोद्याच्या मे महिन्यात काचेजवळ ठेवलेला फोन तापून स्वतःच ब्राइटनेस कमी करतो. बाद.

दुसरा पर्याय आख्खा मीटरच बदलायचा, म्हणजे त्याच मॉडेलच्या नंतरच्या व्हर्जनचा डिजिटलवाला क्लस्टर शोधून बसवायचा. आमच्या मिस्त्रीने लगेच सांगितलं, "बेसी जशे, वांधो नथी," म्हणजे बसेल, काही अडचण नाही. मला वांधा होता. कनेक्टरच्या पिना जुळायला पाहिजेत, ऑइल आणि चार्जिंगचे दिवे जिथल्या तिथे लागायला पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे किलोमीटर. किलोमीटरचा आकडा क्लस्टरच्या मेमरीत असतो, दुसऱ्या गाडीचा क्लस्टर लावला की त्या गाडीचे किलोमीटर आपल्या गाडीत आले, मग ते कुणाकडून तरी "सेट" करून घ्यायचे, आणि पुढे विकताना घेणारा म्हणणार मीटर फिरवलाय. इथे मी ठाम नाही म्हणालो आणि आजही म्हणेन.

तिसरा, गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरच्या वायरला जोड मारून वेगळा डिजिटल मीटर चालवायचा. तोच सिग्नल ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पण वापरतो, तिथं सांधा कच्चा राहिला की स्पीडोमीटर राहिला बाजूला, गाडीच नखरे करायला लागेल. इथे त्याची गरजच नव्हती.

उरले दोन. एक ओबीडीवाला हेड-अप डिस्प्ले, ओबीडी म्हणजे गाडीतले बिघाड तपासायला दिलेलं स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट, त्यात खोचायचा, तो ईसीयूकडून स्पीड विचारून घेतो आणि आकडा काचेवर पाडतो. दुसरा जीपीएसवाला, त्याला गाडीशी काही घेणंदेणं नाही, सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून फक्त करंट घेतो आणि सॅटेलाइटवरून स्पीड काढतो. ओबीडीवाला गाडी सुरू होताच आकडा देतो, जीपीएसवाल्याला सॅटेलाइट पकडायला वेळ लागतो आणि ब्रेक मारला की एखादा सेकंद मागे राहतो.

आणि चष्मा? चष्म्याचा पर्याय मावशीने पहिल्याच दिवशी काढला होता. काका म्हणाले, ऑपरेशन कशाला केलं मग. आणि मला गॅजेट लावायची हौस होती हे खरं, म्हणून मीही तो विषय लावून धरला नाही.

पहिला प्रयत्न : ओबीडीवाला

२,३०० रुपयांचा घेतला. आपल्याकडे २०१३ नंतरच्या बीएस-४ (प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी-२ आहेच त्यामुळे डिस्प्ले आणि गाडीची भाषा जुळेल का ही चिंता नव्हती, खोचला आणि चावी फिरवली तर अर्ध्या मिनिटात ० दिसायला लागला. काका खूश. शेजारचे दोन जण बघून गेले.

केबल बसवताना एक गोष्ट नीट केली ती सांगतो कारण बहुतेक लोक इथेच घोळ घालतात. सॉकेट असतं क्लचच्या बरोबर वर. केबलचा फासा तिथे लोंबत राहिला तर कधीतरी बुटात अडकणार. मी ती कापडी टेप गुंडाळून आतल्या वायरींच्या जुडग्याला तीन ठिकाणी बांधली, मग दाराच्या रबराखालून वर नेली. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरमागून नेता येते, पण कर्टन एअरबॅगवाली (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) गाडी असेल तर तिथे हात घालायचा नाही.

मग काचेची भानगड. समोरच्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंवरून प्रतिबिंब येतं, त्यामुळे आकडा दोनदा दिसतो, एक खरा आणि एक त्याच्या मागे भुतासारखा. त्यासाठी डब्यात एक पारदर्शक फिल्म दिलेली असते ती काचेला चिकटवायची. काका म्हणाले नाही. २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा यांनी स्वतः ब्लेडने खरवडून सगळ्या काचा साफ केल्या होत्या, तेव्हापासून फिल्म हा शब्द ऐकला तरी त्यांचं डोकं फिरतं. मी समजावलं की ही तळहाताएवढी आहे, काळी नाही, पण "चौकात पोलिसाला तू समजवायला येणार का" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिल्म न लावता चालवलं. रात्री मस्त दिसायचं, दुपारी बारा वाजता काहीच नाही. आणि यांचा अहमदाबादचा प्रवास दिवसाचा!

तरी दोन महिने ढकलले. मग लग्नासाठी दोघं पुण्याला गेले, ट्रेनने, गाडी नऊ दिवस खाली उभी. परत आले तर चावी फिरवल्यावर नुसतं टक टक.

बॅटरी चार वर्षांची, ३५ अँपिअर-अवरची, मिस्त्री म्हणाला गेली, बदला. मी म्हटलं थांबा. आधी चार्ज केली, मग निगेटिव्ह काढून मल्टिमीटर सिरीजमधे लावला, दारं बंद करून ईसीयू झोपेपर्यंत थांबलो. डिस्प्ले खोचलेला असताना ९५ मिलीअँपिअर, काढल्यावर २२. ओबीडीच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी, आणि हा डिस्प्ले स्क्रीन बंद करून झोपल्याचं नाटक करत होता पण आत जागा होता. ९५ मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला सव्वादोन अँपिअर-अवर, नऊ दिवसांत वीस. चार वर्षांच्या बॅटरीत वीस काढल्यावर सेल्फ कसा फिरणार. मिस्त्रीचं पण अगदीच चूक नव्हतं, नवी बॅटरी असती तर कदाचित निभावलं असतं.

इथे माझा निर्णय चुकला होता. करंट मोजायचं काम पहिल्या दिवशी दहा मिनिटांचं होतं. फॅक्टरीत कुठलंही इन्स्ट्रुमेंट मी असं न मोजता लावत नाही, घरी लावलं.

आकडा खरा कुठला

याच काळात दुसरा वाद सुरू झाला. काटा म्हणतो १००, डिस्प्ले म्हणतो ९३. काकांना यात चलनवाल्यांविरुद्ध पुरावा दिसला, "बघ, मी सांगत होतो, खरा स्पीड कमीच असतो."

काटा थोडा जास्त दाखवतो हे बरोबर आहे आणि ते मुद्दाम असतं. युरोपात जो यूएनचा ३९ नंबरचा नियम चालतो त्यात स्पष्ट आहे की मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायचं तर खऱ्याच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंत. म्हणजे खरे १०० असताना काटा ११४ वर असला तरी नियमात बसतो. पण म्हणून ओबीडीचा ९३ खरा असं होत नाही, कारण ईसीयू चाकाचे फेरे मोजतो आणि चाक केवढं आहे हे त्याला फॅक्टरीत सांगितलं तेवढंच माहीत असतं.

म्हणून मी एका शनिवारी बरोबर गेलो, मागच्या सीटवर. काटा १०० वर पकडून ठेवायचा, काका सरळ रस्त्यावर हे छान करतात, फक्त मला मधून पुढे वाकून "अजून थोडा, थोडा कमी" असं सांगावं लागत होतं. मावशीकडे मोबाइलचं स्टॉपवॉच आणि बाजूचे किलोमीटरचे दगड. पाच किलोमीटरला १८९ सेकंद. म्हणजे ताशी ९५. माझ्या फोनचा जीपीएस पण ९५ च दाखवत होता. मावशीने अख्ख्या नडियादपर्यंत तीनदा मोजलं, एकदा १९० आलं, तेवढ्यासाठी तिला स्वतःचा राग आला.

मग काटा १००, खरं ९५, आणि ओबीडी ९३? म्हणजे डिजिटल डिस्प्ले खऱ्यापेक्षा कमी दाखवतोय, जी सगळ्यात वाईट गोष्ट, कारण माणूस आकड्यावर काट्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. उत्तर टायरवर लिहिलेलं होतं. दारावरच्या स्टिकरवर १५५/६५ आर १४, आणि टायरवर १६५/६५ आर १४, आधीच्या मालकाने एक साइज मोठे टाकलेले. हिशोब केला तर चाकाचा व्यास ५५७ मिलिमीटरऐवजी ५७०, म्हणजे २.३ टक्के जास्त. ९३ ला १.०२३ ने गुणा, ९५ येतात. सगळं जुळलं तेव्हा मी मागच्या सीटवर इतका खूश झालो की मावशीने विचारलं काय झालं.

डिस्प्लेच्या सेटिंगमधे टक्क्यांत करेक्शन देता येतं, १०२ टाकलं की काम झालं असतं. पण तोपर्यंत बॅटरीचं प्रकरण होऊन गेलं होतं आणि काकांचं त्या यंत्रावरून मन उडालं होतं.

त्यांच्या सीटवर बसलो तेव्हा

परत येताना आणंदपासून मी गाडी घेतली. मी पाच फूट दहा, काका पाच फूट तीन, त्यामुळे नेहमी मी बसलो की आधी सीट मागे ढकलतो. त्या दिवशी रस्ता मोकळा होता, आळस केला, तशीच ठेवली, शिवाय मान खाली घालून बसलो कारण स्टिअरिंग मांडीला लागत होतं. आणि मला काटा दिसेना.

म्हणजे काटा ८० पर्यंत दिसतो, मग स्टिअरिंगच्या वरच्या रिंगमागे जातो. ० ते १८० च्या तबकडीत ९० बरोबर डोक्यावर असतात. काकांच्या उंचीवरून रिंग ८० पासून साधारण १२० पर्यंतचा सगळा भाग झाकते. मागच्या सीटवरून मला दिसत होतं कारण मी मधून वाकत होतो.

मी विचारलं, काका, काटा इथे गेल्यावर तुम्ही काय करता? ते शांतपणे म्हणाले, "आत गेला की समजायचं नव्वद. त्या बाजूने बाहेर आला तर पाय काढायचा."

मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला. खरे ११२ म्हणजे काट्यावर ११८, अजून रिंगच्या आतच. दोन्ही चलनांचा हिशोब लागला. कॅमेरा बरोबर, काकाही आपल्या परीने बरोबर.

स्टिअरिंग एवढं खाली का, तर ऑपरेशनच्या आधी त्यांचा खांदा धरला होता तेव्हा टिल्ट करून पार खाली घेतलेलं, नंतर वर करायचं राहूनच गेलं. चार महिने मी मिलीअँपिअर आणि टक्के मोजत होतो आणि त्यांच्या सीटवर त्यांच्यासारखा बसलो नव्हतो एकदाही. यात मला सगळ्यात जास्त काय बदलावंसं वाटतं विचाराल तर हेच, पैसा खर्च करायच्या आधी पाच मिनिटं तिथं बसायचं होतं.

शेवटी काय केलं

टिल्ट दोन खाचा वर घेतला, तिसरीला खांदा दुखतो म्हणाले. सीटची उंची वरखाली होत नाही या मॉडेलमधे, म्हणून दांडियाबाजारातून काथ्याची कडक गादी आणली, दाबली गेल्यावर चार सेंटिमीटर. मऊ फोमची घेऊ नये, ब्रेक दाबताना माणूस खाली जातो. आता १०० दिसतात, ११० अर्धवट.

डिजिटल डिस्प्ले तरीही पाहिजे होता कारण धुरकटपणा राहिलाच. या वेळी जागेचा विचार आधी केला. मावशीची शिलाईची टेप घेऊन काकांच्या डोळ्यापासून मोजलं, क्लस्टर ७२ सेंटिमीटर, डॅशबोर्डचा काचेकडचा शेवट १०४. ऐकायला फरक लहान वाटतो पण लांबच्या लेन्सला तो मोठा आहे, ७२ सेंटिमीटरवर स्वच्छ बघायला सुमारे १.४ नंबर कमी पडतो, १०४ वर एकच्या आत. काचेवर प्रतिबिंब पाडायची भानगडच नको म्हणून थेट बघायचा जीपीएस मीटर घेतला, १,६५० रुपये, आकडे साडेतीन सेंटिमीटर उंच, डॅशच्या टोकाला, स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, रस्ता झाकणार नाही एवढा खाली. वर काळ्या पुठ्ठ्याची छोटी टोपी करून चिकटवली, त्याने दुपारच्या उन्हातही वाचता येतो. रात्री आपोआप मंद होतो, नसता झाला तर काचेत आकडा नाचत राहिला असता.

करंट लायटर सॉकेटमधून. आधी टेस्टरने बघितलं की चावी काढल्यावर सॉकेट मरतं का, काही गाड्यांत नाही मरत. यात मरतं. मग मल्टिमीटर परत लावला, २२ मिलीअँपिअर, जसेच्या तसे.

अलार्म १०० वर ठेवला होता, तर एक्सप्रेसवेवर काका ९९-१००-१०१ करत राहायचे आणि तो सारखा ओरडायचा, मावशीने प्लग काढून पर्समधे टाकला. आता ९७ वर आहे. का कोण जाणे, एकदा वाजला की ते सरळ ९२ वर येतात आणि तिथेच राहतात.

निष्पत्ती

सात महिने झाले, चलन नाही. दुमाडला चढायच्या आधी जीपीएस पकडतो तोपर्यंत गावात काटाच बघतात, तिथं स्पीड ४० च्या आत असल्याने काही अडत नाही. भुयारी पार्किंगमधून निघाल्यावर दोन मिनिटं डॅश डॅश दिसतात, आधी फोन यायचा, आता नाही येत.

चष्मा पण झाला शेवटी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा मावशीने परस्पर विचारलं, आणि वर बिननंबरी, मधे डॅशबोर्डच्या अंतराचा आणि खाली वाचायचा असा चष्मा २,८०० मधे करून आणला. तो लावला की काटाही स्वच्छ दिसतो. म्हणजे टिल्ट, गादी आणि चष्मा हे तिन्ही पहिल्या आठवड्यात झालं असतं तर डिस्प्ले लागला असता का, मला शंका आहे. काका म्हणतात लागलाच असता, आता सवय झाली. ओबीडीवाला माझ्या गाडीत आहे, रात्रीच्या शिफ्टला, आणि उतरताना मी तो रोज उपटून ठेवतो.

टायर मात्र तसेच ठेवलेत, झिजले की स्टिकरवरचा साइज टाकायचा असं ठरलंय. काकांकडे पेट्रोलची डायरी आहे, गाडी घेतल्यापासूनची, तारीख, लिटर, किलोमीटर, अॅव्हरेज. चाक मोठं असल्याने किलोमीटर पण कमी मोजले जातात हे मी बोलता बोलता सांगून बसलो. त्या रात्री त्यांनी सगळी डायरी काढून प्रत्येक ओळीपुढे लाल पेनने १.०२३ ने गुणून नवा आकडा लिहिला. १८.२ चे १८.६ झाले. सकाळी साडेसहाला मला फोन, "अरे, गाडी पहिल्यापासून चांगली देत होती."